नव्या शिक्षण सेवकाला आधी तुमच्या वर्गात बसवा

जिल्हा परिषदेच्या शाळेत पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, नवे सर किंवा मॅडम शिक्षण सेवक म्हणून (सुरुवातीला मानधनावर) रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात आपण त्यांच्या हातात वर्ग देतो, आणि वर शालेय पोषण आहाराची नोंदवहीही. ती नोंदवही निदान दिवाळीपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. नंतर देताना नुसती सोपवू नका, चार दिवस शेजारी बसून भरून घ्या: पहिली ते पाचवीची ३२ मुलं हजर, माणशी १०० ग्रॅम, म्हणजे तांदूळ ३ किलो २०० ग्रॅम, मग शिल्लक. हजेरीपट आणि ही वही जुळली नाही, तर तपासणीत घाम नव्याच माणसाला फुटतो.

वर्ग बघण्याचंही तसंच. आपण मागच्या बाकावर जाऊन बसलो की नवा माणूस फळ्याकडे तोंड करूनच बोलायला लागतो. त्यापेक्षा आधी त्यांना तुमच्या तासाला बसवा, तोही गोंधळाच्या, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या. तुमचाही तास कधी फसतो हे त्यांना दिसू द्या. मग त्यांच्या तासाला जा, पण काय बघायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बाहेर आल्यावर एकच गोष्ट सांगा. दहा सांगायचा मोह मलाही होतो. आणि चूक मुलांसमोर, स्टाफरूममध्ये किंवा केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत काढू नका.

बाहेरगावचे असतील तर खोली, डबा आणि शेवटच्या एसटीची वेळ पहिल्याच दिवशी विचारा.