पेटीवर नाव लावलंत का?

सांगली, पुणे, बंगळूरु, श्टुटगार्ट, म्युनिक. सात वर्षांत पाच गावं. तुम्ही जर्मनीत शिकायला येताय, तेव्हा एपीएस (आपल्या पदवीच्या कागदांची तपासणी) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) तुम्हाला ठाऊक असतीलच, त्यात शिरत नाही. मी अडकले ती पत्त्यात.

पुण्यात कॉट बेसिसवर आणि बंगळूरात पीजीत राहिलं की पत्ता म्हणजे झोपायची जागा एवढंच वाटतं. आधारवर सांगलीचं घर, बाकी सगळं चालून जातं. श्टुटगार्टला खोली मिळेना, तेव्हा एकाने तीन महिन्यांसाठी स्वस्तात दिली. अट एकच: आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न, म्हणून मी हो म्हटलं. असली खोली घेऊ नका. अजिबात नको. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याला घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडीचं, म्हणजे कर-क्रमांकाचं, पत्र नाही. ते नाही म्हणून अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यांत जड, कर कापला गेला. रेसिडेन्स परमिटचा अर्जही तिथेच रखडला. कर पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परत मिळाला, पण भाडं दर महिन्याला द्यावंच लागत होतं.

‘मित्राच्या पत्त्यावर नोंदव, सगळेच करतात,’ असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. कुणी राहत नसताना नुसता नोंदणीपुरता पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मला वाट दाखवली ती विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईंनी, तीही मी रडकुंडीला येऊन गेले तेव्हा. तुम्ही आधीच जा. त्या रागावत नाहीत.

आणि टपालपेटीवर आडनाव लावा. इथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं.

घाबरू नका, कागदांचं सगळं निस्तरतं. माझ्या मनाला अजून लागून राहिलंय ते वेगळंच. ‘थोड्या दिवसांपुरतं’ म्हणत मी श्टुटगार्टात पडदे लावले नाहीत, शेजारणीचं नाव विचारलं नाही, मराठी मंडळींच्या गणपतीला गेले नाही. जानेवारीत ताप चढला, तेव्हा त्या शहरात फोन करावा असं एकही माणूस नव्हतं.

म्युनिकला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पेटीवर नाव लावलं आणि समोरच्या आजींकडे शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले. जर्मन मोडकंच होतं. चार दिवसांनी डबा केक भरून परत आला. आता माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असते.