द्वादशीच्या पारण्याला वाघाटीची भाजी

आषाढी एकादशीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळची वारी झाली की दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांत उपवास सोडताना पानात वाघाटी वाढतात. हिलाच गोविंदफळ म्हणतात. एरवी या काटेरी वेलीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण त्या दोन दिवसांत मंडईत तिचा भाव विचारायला नको.

रानातून आणणार असाल तर आधी वेल नीट ओळखा. वाघाटी झुडपासारखी वाढते आणि मोठ्या झाडावर चढते. पानांच्या बुडाशी जोडीने आखूड काटे असतात, वाघनखासारखे मागे वळलेले. ते कापडात अडकले तर हिसका देऊ नका. फांदी मागे ढकला, म्हणजे काटा सुटतो. उन्हाळ्यात पांढरी फुलं येतात, त्यांतून लांब केसर बाहेर झुलतात. नंतर लांब देठावर लिंबाएवढी हिरवी फळं लोंबतात. कवंडळ या दुसऱ्या रानवेलाशी गल्लत करू नका: त्याला काटे नसतात आणि ते तणाव्यांनी चढतं. वाघाटीला तणावे नसतात. शंका असेल तर फळ तोडूच नका, सरळ माहितगार भाजीवालीकडून घ्या.

घेताना कोवळी, कडक, हिरवीगार फळं निवडा. लाल झालेली भाजीला नकोत.

खरं काम बियांचं. फळ उभं चिरून चमच्यानं सगळ्या बिया आणि आतला गर खरवडून काढा. इथं आळस केला तर भाजी कडूजहर होते आणि मग गुळाची ढेप ओतली तरी उपयोग नाही. राहिलेल्या साली मीठ-हळदीच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा, पाणी फेकून द्या, फोडी हातानं घट्ट पिळा. थोडा कडूपणा राहतो. तो राहावाच, नाहीतर वाघाटी कशाला खायची?

तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद घाला. फोडी परता. तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून झाकण ठेवून एक वाफ आणा. एकादशीपासून चातुर्मास लागतो, म्हणून पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण नाही. ज्यांना पाळायचा नाही त्यांनी साध्या तिखटाऐवजी आपली कांदा-लसणाची चटणी घालावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर तीच जास्त चांगली लागते.