काविळीचा रिपोर्ट कसा वाचावा आणि रुग्णाला कसे सांभाळावे

पावसाळ्यात पुण्यात दिसणारी कावीळ बऱ्याचदा दूषित पाण्यातून आलेली असते, हिपॅटायटिस ए किंवा ई. डोळे पिवळे वाटले की दिवसाउजेडी पाहा, ट्यूबलाइटखाली नाही. मग लघवी पाहा. कोऱ्या चहासारखी गडद असेल तर दोष यकृतात किंवा पित्तनलिकेत. डोळे पिवळे पण लघवी नेहमीसारखी असेल, तर रक्तपेशी जास्त फुटत असू शकतात. शौचाचा रंग फिका, पांढुरका आणि अंगाला खाज, म्हणजे पित्ताची वाट अडली असावी, सोनोग्राफी करा.

रक्त देताना एलएफटी (यकृताच्या चाचण्या) सोबत पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) सांगून करून घ्या.

खरी चूक पुढे होते. घरातले सगळे बिलिरुबिनचा, म्हणजे डोळे पिवळे करणाऱ्या रंगद्रव्याचा, आकडा धरून बसतात. आठाचे बारा झाले की रडारड, एसजीपीटी उतरले की पेढे. हे साफ चुकीचे आहे. बिलिरुबिन उशिरा उतरते; रुग्ण सुधारत असतानाही काही दिवस चढू शकते. एसजीपीटी हे फुटलेल्या पेशींतून रक्तात सांडलेले एन्झाइम. ते २००० वरून ३०० वर आले आणि त्याच वेळी बिलिरुबिन व आयएनआर चढत असतील, तर ती सुधारणा नव्हे: फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत. रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवते, म्हणून आयएनआर हा त्याच्या कामाचा हिशेब. तो १.५ च्या वर गेला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. पित्त अडल्यानेही तो वाढतो, कारण के जीवनसत्त्व शोषले जात नाही; तेव्हा इंजेक्शनने तो खाली येतो. गरोदर बाईला कावीळ झाली तर आयएनआरचीही वाट पाहू नका. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो.

तेल-हळद बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवणे थांबवा. आजारी यकृतात साखरेचा साठा टिकत नाही. लंघन घडले की पहाटे साखर उतरते आणि शरीर स्नायू तोडून खाते. दर दोन-तीन तासांनी थोडे द्या: मऊ भात-वरण, चमचाभर तूप, ताक, झोपताना दूध-पोळी. मळमळ असेल तेवढे दिवसच तळण टाळा. रसवंतीतल्या बर्फातून तोच विषाणू पुन्हा घरात येतो. माळ, नाकात थेंब, अनोळखी काढा: काहीही नको. दारू बंद, पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच.

रोज सकाळी एकाच कागदावर तारीख घालून रुग्णाची सही घ्या. अक्षर वाकडे झाले, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झाले, तर यकृताने न गाळलेला अमोनिया हा विषारी पदार्थ मेंदूपर्यंत पोचला असावा. सकाळची वाट न पाहता निघा, कागद सोबत घ्या.