युरोपातली सबसिडी घेण्याआधी कागद कसे तपासायचे

मार्चची दुपार. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या माझ्या ऑफिसात पंखा फुल्ल, टेबलावर तीन कारखान्यांच्या फायली उघड्या, आणि पोर्तुगालहून भाच्याचा फोन. "मावशी, हितलं सरकार पैसे देलालंय. घेऊन टाकू का?"

भाच्याचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, गिमाराइशजवळ. घरगुती कापडासाठी हा भाग पोर्तुगालमध्ये नावाजलेला, म्हणजे यंत्रमागांच्या आपल्या पूर्व भागाचा लांबचा भाऊच. कंपनीत 60 टक्के तिथल्या भागीदाराचे, 40 टक्के आमच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याचे.

मी तीस वर्षं कारखान्यांचे हिशेब बघते. जिल्हा उद्योग केंद्राच्या किती पायऱ्या झिजवल्या त्याची गणती नाही. आपल्याकडे धास्ती एकच: मंजूर झालेलं अनुदान येतंय कधी. म्हणून "घेऊन टाक" हे शब्द माझ्या तोंडावर आलेच होते. पण युरोपात धास्ती उलटी असते. पैसे वेळेवर येतात आणि पाच-सात वर्षांनी व्याजासकट परत मागितले जाऊ शकतात. देणाऱ्या सरकारने चूक केली म्हणून घेणारा सुटत नाही. त्याला म्हटलं, काय काय देणार ते सांगणारं सरकारचं पत्र आधी पाठव.

तिकडे या विषयाला स्टेट एड म्हणतात. युरोपियन युनियनच्या करारातलं कलम 107 वाचलं की पहिला धक्का बसतो, कारण सुरुवातच नकाराने होते: सरकारने निवडक धंद्याला दिलेली, स्पर्धा बिघडवणारी आणि सदस्य देशांमधल्या व्यापारावर परिणाम करणारी मदत चालणार नाही. सूट त्यानंतर. त्यामुळे पत्र हातात आलं की "मला किती मिळणार" हा प्रश्न नंतर, आधी विचारायचं, "हे कुठल्या सुटीत बसतं?"

त्याच्याही आधी, ही मदत स्टेट एड आहे का ते बघायचं. नावावर जाऊ नका. रोख अनुदान, स्वस्त कर्ज, करमाफी, कमी भावातला प्लॉट, सगळं धरतात. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देतं, तिजोरीतून त्या दिवशी रुपयाही जात नाही, म्हणून आपण तिला मदत समजतच नाही. तिकडे तीच थकहमी बाजारभावाने फी न घेता दिली तर हमी देतानाच मदत झाली असं धरतात, कर्ज बुडो वा न बुडो.

पैसा सरकारचाच हवा, ही अट मात्र खरी. इथे ऊसवाल्यांना चटकन कळेल असं उदाहरण आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, कायद्याने ठरते, पण शेतकऱ्याला पैसे देतो कारखाना, तिजोरी नाही. जर्मनीत असंच झालं होतं. वीज कंपन्यांनी पवनऊर्जेसारखी वीज ठरलेल्या किमान दराने विकत घ्यायचीच, असा कायदा होता. 2001 साली युरोपियन न्यायालयाने प्रॉयसेनएलेक्ट्रा खटल्यात सांगितलं की सरकारचा पैसा हलला नाही, म्हणून ही स्टेट एड नाही. फायदा झाला तरीही नाही.

मग निवडकपणा. सगळ्यांना सारखी असलेली सवलत या कलमात येत नाही. आयर्लंडचा कंपनी कर 12.5 टक्के होता. तो सर्वांनाच लागू, त्यामुळे त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. बोट ठेवलं गेलं ते अ‍ॅपलच्या दोन कंपन्यांना 1991 आणि 2007 मध्ये दिलेल्या खास कर-निर्णयांवर. 2016 मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कारभारी यंत्रणेने, सांगितलं, सुमारे 1300 कोटी युरो वसूल करा. गंमत अशी की आयर्लंड सरकार स्वतःच म्हणत होतं, आम्हाला नकोत! 2020 मध्ये खालच्या न्यायालयाने कमिशनचा निर्णय रद्द केला, आणि 10 सप्टेंबर 2024 रोजी वरच्या न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. सरकारचा सही-शिक्का असला म्हणजे झालं, असं मानणाऱ्याने हे प्रकरण ध्यानात ठेवावं.

आता भाच्याचं पत्र. त्यात तीन गोष्टी होत्या: नव्या लूमसाठी अनुदान, नगरपालिकेकडून सवलतीत प्लॉट, आणि छोट्या योजनेतून 1,20,000 युरो. प्लॉटचं सोपं असतं. खुल्या बोलीने किंवा स्वतंत्र मूल्यांकन करून त्या भावाने घेतला असेल तर मदत नाही. खासगी मालकानेही त्याच भावाने विकला असता. भाव त्याखाली असेल तर जेवढा फरक तेवढी मदत. मी त्याला म्हटलं, मूल्यांकनाचा कागद आधी मिळव. तो मिळाला, भाव बाजाराचाच निघाला, तो विषय संपला.

छोट्या योजनेला डी मिनिमिस म्हणतात, म्हणजे इतकी किरकोळ की कमिशनला कळवायचीही गरज नाही. 1 जानेवारी 2024 पासून मर्यादा एका देशाकडून कोणत्याही तीन वर्षांत 3 लाख युरो आहे. त्याआधी 2 लाख होती. "मग मला बक्कळ जागा आहे," भाचा म्हणाला. त्याच्या कंपनीने आधी 90,000 घेतले होते, हे नवे 1,20,000, बेरीज 2,10,000.

इथे मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, भागीदाराचं अजून काय काय आहे? त्याचं कापड रंगवण्याचं युनिट होतं, त्यातही बहुमताचे हक्क त्याचेच. मताधिकाराने अशा बांधलेल्या कंपन्या या नियमात एकच धंदा धरतात. त्या युनिटने दोन वर्षांपूर्वी 1,10,000 घेतले होते. झाले 3,20,000.

"मग वीस हजार सोडून देतो," तो म्हणाला. असं चालत नाही. नव्या मदतीने मर्यादा ओलांडली तर त्या नव्या मदतीतला एकही युरो डी मिनिमिसमध्ये बसत नाही. सगळे 1,20,000 उघड्यावर पडतात. मंजुरीचं पत्र निघण्याआधी अर्जातली रक्कमच कमी करून घ्यायची, आम्ही तेच केलं. आणि तीन वर्षं मोजायची ती हक्क मिळाल्याच्या तारखेपासून. पैसे खात्यात कधी आले याला अर्थ नाही. आपण रोखीच्या तारखेने विचार करणारी माणसं, तिथे हमखास घोळ होतो.

पूर्वी बऱ्याच देशांत हा हिशेब कंपनीच्या स्वतःच्या घोषणापत्रावर चालायचा. 1 जानेवारी 2026 पासून ही मदत सार्वजनिक नोंदवहीत घालणं देशांना बंधनकारक आहे. म्हणजे आता लपवालपवी जमायची नाही, आणि विसरलो म्हणायचीही सोय नाही.

अजून एक. निर्यातीच्या प्रमाणात मिळणारी मदत डी मिनिमिसमध्ये अजिबात बसत नाही. आपल्या निर्यातदारांना हे विचित्र वाटतं, कारण आपलं निम्मं गणित शिपिंग बिलावर मिळणाऱ्या परताव्यावर चालतं. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचा खर्च सहसा चालतो; पाठवलेल्या टॉवेलमागे अमुक युरो, हे नाही.

लूमचं अनुदान मोठं होतं, ते या छोट्या खिशात मावणारं नव्हतं. अशांसाठी 2014 चा 651 क्रमांकाचा नियम आहे, जनरल ब्लॉक एक्झेम्प्शन. त्यातल्या अटी पाळल्या तर कमिशनची आधी परवानगी लागत नाही. पत्रात या नियमाचं नाव, कलम आणि एसए ने सुरू होणारा योजना क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक कमिशनच्या सार्वजनिक नोंदीत स्वतः शोधा. पत्रात यातलं काहीच नसेल आणि डी मिनिमिसचाही उल्लेख नसेल, तर देणाऱ्याला लेखी विचारा. तोंडी "सगळं व्यवस्थित आहे" याला किंमत शून्य.

या नियमातली सगळ्यात खतरनाक अट म्हणजे कामाची सुरुवात. लेखी अर्ज काम सुरू होण्याआधी पोहोचलेला हवा. मदत नसती तर काम झालं नसतं, असं दिसायला पाहिजे ना! काम सुरू म्हणजे बांधकामाला हात घालणं किंवा मशिनची पहिली बंधनकारक ऑर्डर, यातलं जे आधी होईल ते. जमीन घेणं, परवाने काढणं यात येत नाही. भाच्याच्या टेबलावर दोन लूमचं कोटेशन सही करायच्या तयारीत पडलं होतं. तिथल्या सल्लागाराने सांगितलेलं, सही करून टाका, अर्ज मागाहून देऊ. ती सही झाली असती तर दोन लूमच नव्हे, पूर्ण प्रकल्प अपात्र ठरला असता. मी फोनवर अशी ओरडले की बाहेरचा पोरगा चहा घेऊन आत यायला घाबरला.

दुसरा खड्डा आकाराचा. गुंतवणुकीच्या प्रादेशिक मदतीत खर्चाचा किती टक्के वाटा मिळतो, त्यात लहान कंपनीला मोठ्या कंपनीपेक्षा 20 टक्के गुण जास्त मिळू शकतात, मध्यमला 10. लहान म्हणजे 50 पेक्षा कमी माणसं आणि उलाढाल किंवा ताळेबंद 1 कोटी युरोपर्यंत. भाच्याची 18 माणसं, रंगाच्या युनिटची 20, एकूण 38, म्हणून अर्जाच्या कच्च्या प्रतीत "लहान" लिहिलेलं. पण 25 ते 50 टक्के हिस्सा असलेल्या भागीदार कंपनीची माणसंही त्या हिश्शाच्या प्रमाणात मोजतात, मग ती कंपनी चिंचोळीत का असेना. आमच्या कारखान्यात 180 माणसं. त्यांचे 40 टक्के म्हणजे 72. बेरीज 110. कंपनी मध्यम झाली आणि दहा गुण गेले. भाऊजी वैतागले, "आपल्या कामगारांचा तिकडे काय संबंध?" संबंध आहे, आणि तपासणीत तो निघाला असता तर जादा घेतलेले पैसे परत गेले असते.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगते. पात्र खर्चाचा किमान चौथा हिस्सा सरकारी मदतीचा वारा न लागलेल्या पैशातून हवा. लहान-मध्यम कंपनीने ती गुंतवणूक त्या भागात तीन वर्षं टिकवायची. आणि तोट्याने निम्म्याहून जास्त भागभांडवल खाल्लेली कंपनी अडचणीतली धरतात, तिला हे अनुदान नाही. तीन वर्षांपेक्षा नव्या लहान-मध्यम कंपनीला यातून सवलत आहे. आपल्याकडे आजारी कारखान्यालाच आधी मदत द्यायची रीत, त्यामुळे हे वाचताना मलाही दोनदा थांबावं लागलं.

दोन्ही सुटींत बसत नसेल तर देशाने कमिशनला कळवायचं आणि मंजुरी येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, हे कलम 108. कळवलं नसताना पैसे घेतले तर ते बेकायदा, आणि दहा वर्षांपर्यंत चक्रवाढ व्याजाने वसूल होऊ शकतात. "मी सरकारवर विश्वास ठेवला" हा बचाव सहसा टिकत नाही. जागरूक व्यावसायिकाने कळवलंय का ते तपासायला हवं होतं, असं न्यायालय 1990 पासून सांगत आलंय.

सोलापुरात बसून माल पाठवणाऱ्यांनी मात्र गल्लत करू नये. हे सगळं युरोपातल्या सरकारांनी दिलेल्या मदतीचं. भारत सरकारच्या योजनांचा फायदा घेऊन आपण माल धाडतो तेव्हा नियम वेगळे. 2004 मध्ये युरोपने भारतातून येणाऱ्या सुती बेडलिननवर अनुदानविरोधी शुल्क बसवलं होतं, त्यात निर्यातीशी जोडलेल्या योजनाही मोजल्या होत्या. 2023 पासून परदेशी सबसिडीचा नवा नियमही लागू आहे, पण कळवण्याची सक्ती मोठ्यांना: विलीनीकरणात 50 कोटी युरोची उलाढाल, सरकारी टेंडरमध्ये 25 कोटी युरोचं काम. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याने त्याची झोप घालवून घेऊ नये.

भाच्याने अर्ज नव्याने भरला, "मध्यम" लिहून, भागीदाराच्या युनिटसकट. पंधरा दिवसांनी पोच आली. मी तारीख बघितली, कोटेशनवरची सहीची जागा अजून कोरी आहे ना विचारलं, पोचपावतीची एक प्रत इथल्या कपाटात लावली आणि म्हटलं, आता कर सही.