मोड बिघडतात ते निथळण्यात

कडधान्याला मोड नीट आले नाहीत, वास आला, चिकट झालं, असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारते: भिजवल्यावर निथळत किती वेळ ठेवलं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पाणी ओतलं आणि लगेच फडक्यात बांधलं.’ घोटाळा तिथेच होतो. भिजवायला सगळ्यांना जमतं, बांधायलाही जमतं. मधली निथळण्याची पायरी मात्र कुणी मनावर घेत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरात कायम काही ना काही मोडाला घातलेलं असतं, म्हणून यामागचं कारण आधी सांगते. ते एकदा कळलं की तासांचा हिशेब पाठ करावा लागत नाही. कोरडा दाणा जिवंत असतो, पण त्याचा श्वासोच्छ्वास अगदी नावापुरता चाललेला असतो. पाणी आत शिरलं की तो एकदम वेग घेतो, साठवलेलं पिष्ट आणि प्रथिनं फोडायला लागतो, आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन हवा असतो, तोही भरपूर. दाणा पाण्यात बुडालेला राहिला किंवा त्याच्याभोवती पाण्याचा थर राहिला, तर हवा आत पोचत नाही. मग दाणा गुदमरतो, आंबण्याची क्रिया सुरू होते, पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. म्हणजे पाणी लागतं ते दाण्याला जागं करण्यापुरतं. पुढचं सगळं काम हवेचं.

दाणा निवडताना तो अख्खा आणि सालासकट हवा. डाळीला मोड येत नाहीत, कारण दाण्याची दोन दलं वेगळी करताना त्यांच्या कडेला चिकटलेला चिमुकला गर्भ तुटतो. मसूरही तपकिरी सालाचाच घ्या. साल काढलेला केशरी मसूर गोल आणि अख्खा दिसला तरी मोडासाठी भरवशाचा नाही. जुन्या साठ्यातलं कडधान्य शिजतं कसंबसं, पण रुजत नाही. शंका असेल तर 20 दाणे भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. दोन दिवसांत निम्म्यांनाही मोड फुटले नाहीत, तर ते मोडाच्या नादाला न लागता सरळ शिजवून टाका. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: शेतात पेरायचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, अनेकदा गुलाबी किंवा हिरवट रंगासकट. ते धुऊन जाईल असं समजू नका.

आता एक भिजलेला हरभरा हातात घ्या. त्याला एक टोक असतं, चोचीसारखं पुढे आलेलं. दाणा कोरडा पुसून चिमटीत हलकेच दाबला, तर त्या टोकाजवळ पाण्याचा एक बारीकसा थेंब वर येतो. तिथे सुईच्या अग्राएवढं बीजछिद्र असतं. आणि चोचीत साल फुगवून बसलेलं असतं ते आदिमूळ, म्हणजे आपण ज्याला मोड म्हणतो ते. मोड हा कोंब नसतो, ते मूळ असतं. म्हणूनच ते नेहमी आधी बाहेर येतं आणि खालच्या दिशेनं वळतं. भिंग असेल तर घरातल्या मुलांना हे नक्की दाखवा.

भिजवण्याआधी दाणे तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा. तरंगणारे, किडके, फुटके दाणे काढून टाका. फुटका दाणा आधी कुजतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. पाणी दाण्यांच्या तिप्पट तरी घाला, कारण दाणे फुगून वर आले की वरचे कोरडे राहतात. मूग, मटकी, चवळी यांना 8 ते 10 तास पुरतात, मसुराला 6 ते 8. हरभरे आणि वाटाणे 10 ते 12 तास घेतात. कुळीथ आणि वाल यांचं साल चिवट असतं, त्यांना 12 तासांहून जास्त लागू शकतात. मध्ये एकदा पाणी बदला. उकाड्यात तर कुठलंही कडधान्य असो, पाणी एकदा बदलावंच. रात्रभर भिजवून सकाळी विसरलं आणि संध्याकाळी आठवलं, असं झालं की दाणे अर्धे गुदमरलेले असतात. त्यांना मोड आले तरी आखूड येतात.

भिजल्यावर मूठभर दाणे ताटलीत पसरून बघा. सगळे टम्म फुगलेले असतील, पण मध्ये काही होते तेवढेच राहिलेले दिसतील, टणक आणि चकचकीत. हे गणंग. त्यांच्या सालातून पाणीच आत जात नाही. ते आत्ताच वेचून काढा, कारण मोड आल्यावर गर्दीत सापडत नाहीत आणि नंतर दाताखाली येतात. कुळीथ आणि मटकीत हे काम जरा जास्त असतं.

मग निथळणं. दाणे मोठ्या भोकांच्या चाळणीत उपसा, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवा आणि चाळणी एका बाजूला कलती करून ठेवा. सपाट ठेवली तर तळाशी पाणी अडून राहतं, कलती ठेवली की एका कडेनं ओघळून जातं. अर्धा तास तरी हात लावू नका. मध्ये एकदा चाळणी हलवून दाणे वर-खाली करा. झालं की नाही हे बघायला मूठभर दाणे उचला, हलकेच दाबा आणि सोडा. तळवा दमट लागला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी गळता कामा नये. गळत असेल तर अजून दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाई असेल तर कोरड्या सुती कापडावर दाणे पसरून वरवर टिपून घ्या.

फडकं सुती, विरळ विणीचं आणि साबणाचा वास नसलेलं हवं. ते भिजवून घट्ट पिळा आणि दाणे त्यात सैल बांधा. गच्च आवळलेली पुरचुंडी दिसायला नीटनेटकी दिसते, पण आत हवा खेळत नाही आणि मोडांना पसरायला जागाही उरत नाही. दाणे जास्त असतील तर एकच मोठं गाठोडं करू नका. रुजणारे दाणे उष्णता सोडतात. जाड गाठोड्यात ती अडकते. मधोमध बोट घालून पाहिलं तर आतला भाग कोमट लागतो, आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. दोन-तीन लहान पुरचुंड्या करा, नाहीतर रुंद चाळणीत दोन बोटं जाडीचा थर पसरून वर ओलसर कापड झाका. मला स्वतःला चाळणीच जास्त आवडते, कारण खालून-वरून दोन्हीकडून हवा लागते आणि धुणंही सोपं जातं. काचेची बरणी वापरायची तर तोंडाला जाळीचं कापड बांधून ती तिरकी, तोंड खाली करून ठेवा. झाकण लावून उभी ठेवलेली बरणी म्हणजे पुन्हा गुदमरणंच.

एका रात्रीत मोड काढायचे असतील तर मूग-मटकी मध्ये धुतली नाही तरी चालते. त्यापुढे मात्र दिवसातून दोनदा, उकाड्यात तीनदा गार पाण्यानं धुवा. धुण्यानं दाणे गार होतात, वरचा चिकटपणा जातो. आणि दर वेळी धुतल्यावर पुन्हा तसंच पूर्ण निथळा. फडकं वापरत असाल तर तेही धुऊन पिळून घ्या.

20 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात बहुतेक कडधान्यं खुशीत रुजतात. थंडीत काम रेंगाळतं, तेव्हा भिजवायला कोमट पाणी घ्या आणि पुरचुंडी झाकणाच्या मोठ्या भांड्यात ठेवून शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा. झाकण किंचित फटीएवढं उघडं राहू द्या. अंधार हवाच असं नाही. उजेडात मोड जरा हिरवट होतात, एवढंच. थेट ऊन मात्र टाळा.

मूग आणि मटकी सगळ्यात सोपी, नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी. भिजवल्यापासून दीड दिवसात दाण्याएवढे मोड येतात. मसूर तितकाच चटपटीत, फक्त त्याची लगेच चिकट तार सुटते, म्हणून धुवायला कंटाळू नका. हरभऱ्याला दोन ते तीन दिवस द्या. काबुली हरभऱ्याला वास लवकर लागतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. सोयाबीन आणि हरभरे धुताना फेस येतो, तो दाण्यातल्या सॅपोनिनमुळे, घाबरायचं कारण नाही. मेथी कमी घ्या, ती फार फुगते. वालाला मोड आले की कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, चिमटीत धरून दाबलं की साल सुटतं.

मोड किती वाढवायचे? माझ्या मते दाण्याएवढे झाले की पुरे. त्यापुढे पहिली पानं डोकावायला लागतात आणि चवीत कडसरपणा येतो.

मोडांवर पांढरा मऊ केसाळपणा दिसला म्हणून सगळं फेकून देऊ नका. मुळाच्या टोकाच्या थोडं मागे, चहूबाजूंनी सारखे दिसतात ते मूळरोम असतात. पाण्याखाली धरलं की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी वेगळी ओळखू येते. ती कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, राखाडी किंवा काळपट ठिपके धरते, आणि तिला कुबट वास असतो. बुरशी असेल, किंवा दाणे बुळबुळीत होऊन आंबूस वास येत असेल, तर निवडत बसू नका, सगळं टाकून द्या.

कच्चे मोड खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे: शिजवून खा. दाण्यांच्या सालाच्या बारीक चिरांत जिवाणू असू शकतात, आणि ऊब व ओल ही त्यांच्या वाढीलाही तितकीच सोयीची. 2011 साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक दगावले. दूषित दाणा घरच्या स्वच्छ भांड्यात रुजवला तरी दूषितच राहतो. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. इतरांनीही वाफ चांगली येईपर्यंत शिजवावेत. थोडं क जीवनसत्त्व जातं, जाऊ द्या.

राजम्याचं प्रकरण आणखी वेगळं. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी लेक्टिन, म्हणजे एका प्रकारचं प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब घडवू शकतात. मोड आल्यानं ते पुरेसं नाहीसं होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळायलाच हवं. मंद आचेवर नुसता कोमट-गरम ठेवलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रास देऊ शकतो.

मोड आल्यानं प्रथिनं वाढतात असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. सुक्या मुगात 100 ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, तर लांब मोड आलेल्या मुगात साधारण 3, कारण उरलेलं वजन बहुतांशी पाण्याचं. खरा फायदा दुसरीकडे आहे. दाण्यातलं खनिजं धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही दाणा स्वतःच वापरून टाकतो. ज्यांना कडधान्यं पचायला जड जातात त्यांना हा फरक जाणवतो.

उरलेले मोड ठेवताना ओले ठेवू नका. कापडावर तासभर पसरा, वरचं पाणी सुकलं की कोरड्या डब्यात तळाशी सुती कापडाचा तुकडा घालून भरा आणि फ्रिजमध्ये 5 अंशांच्या खाली ठेवा. तिथेही ते हळूहळू वाढत राहतात, म्हणून तीन-चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवे असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, निथळून, गार करून फ्रीजरमध्ये टाका. वापरताना बर्फ वितळायची वाट न बघता तसेच शिजायला घाला.