बोर्डावर 50 ओहमची लाइन टाकताना

50 ओहमची लाइन म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल नेणारा, 50 ओहम इम्पीडन्सचा तांब्याचा पट्टा. आधी पीसीबी बनवणाऱ्याकडून स्टॅकअप, म्हणजे थरांची रचना, मागून घ्या. थरांची जाडी आणि डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, दोन्ही लेखी. एफआर4 हे बोर्डाचं नेहमीचं काच-रेझिनचं मटेरियल; ‘एफआर4 म्हणजे 4.4’ हे पाठांतर विसरा. काच आणि रेझिनच्या प्रमाणानुसार तो आकडा बदलतो.

लाइनीची रुंदी इम्पीडन्स कॅल्क्युलेटर काढून देतो. 1.6 मिमीच्या दोन लेअरी बोर्डावर मायक्रोस्ट्रिप (वर पट्टा, खाली फक्त ग्राउंड) साधारण 3 मिमी येते. चिपच्या बारीक पायासमोर एवढा पट्टा कुठे नेणार? म्हणून मी ग्राउंडवाली कोप्लेनर घेतो: दोन्ही बाजूंना 0.2 मिमी फट, पलीकडे ग्राउंड, खालीही ग्राउंड. रुंदी जवळपास निम्म्यावर येते. कॅल्क्युलेटरमध्ये खालच्या ग्राउंडचा पर्याय निवडायला विसरू नका.

आता व्हिया, म्हणजे वरचं आणि खालचं तांबं जोडणारी भोकं. इथे मी दोन बोर्ड वाया घालवलेत, त्यामुळे ‘मोकळ्या जागेत चार व्हिया टाकून द्या’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. सॉफ्टवेअरमध्ये नेटचं नाव ग्राउंड आहे म्हणून ते तांबं ग्राउंड होत नाही. माझ्या बाजूच्या पट्ट्या 30 मिमी लांब होत्या आणि व्हिया फक्त मधोमध. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर 2.5 गिगाहर्ट्‌झच्या आसपास सिग्नलला खोल खड्डा! मी आधी कनेक्टरला दोष दिला, मग सोल्डरिंगला. खरं तर दोन्ही टोकं मोकळी असलेली ती पट्टी अर्ध्या तरंगलांबीचा रेझोनेटर झाली होती. अशा पट्टीच्या मध्यावर व्होल्टेज मुळात शून्यच असतं. तिथली व्हिया असून नसल्यासारखी.

तेव्हा व्हिया टोकांपासून सुरू करा आणि फटीच्या जितक्या जवळ फॅब (बोर्ड बनवणारा) परवानगी देईल तितक्या जवळ ओळीने लावा. अंतर बोर्डातल्या तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी: 2.4 गिगाहर्ट्‌झला सुमारे 3 मिमी, 10 ला 0.7. हिशोब सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीचा धरा. हार्मोनिक्सही (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटी) त्यात आले. कनेक्टरच्या ग्राउंड पायांशी तर हात सैल सोडा, तिथे व्हिया जास्त झाल्याची तक्रार मी अजून ऐकलेली नाही.

लाइनीखालचा ग्राउंड कापू नका. दुसरा ट्रेस तिथून न्यावाच लागत असेल, तर लाइनच हलवा.

वळणं गोलाकार, त्रिज्या रुंदीच्या तिप्पट.

फॅबला पाठवताना ‘या ट्रेसचा इम्पीडन्स 50 ओहम, टॉलरन्स 10 टक्के’ असं स्पष्ट लिहा आणि टेस्ट कूपन (इम्पीडन्स मोजायचा नमुना तुकडा) मागा. नाहीतर ते मुकाट्याने हाताला येईल तो प्रीप्रेग (थर चिकटवणारा काच-रेझिनचा पत्रा) वापरतात.