चिनी माध्यमांतले अमेरिकी राजकारण कसे वाचावे

अमेरिकेत निवडणूक लागली किंवा आयातशुल्काचा नवा आदेश निघाला, की आपल्या वाहिन्यांवर ‘चीनने सुनावले’ अशी पट्टी फिरू लागते, आणि मूळ शोधायला गेले की बहुतेक वेळा ‘ग्लोबल टाइम्स’ या चिनी वृत्तपत्राच्या इंग्रजी आवृत्तीतला एखादा लेख हाती लागतो. याच्या अगदी उलटा सल्लाही तितक्याच ठामपणे दिला जातो: तिथे सगळा प्रचारच असतो, तेव्हा वाचण्यात वेळ घालवू नका. ही माध्यमे अनेक वर्षे नियमाने वाचल्यावर मला हे दोन्ही सल्ले सारखेच घातक वाटतात. माध्यमांवर कम्युनिस्ट पक्षाचा ताबा आहे हे खरेच आहे. पण ताबा आहे म्हणूनच कोणते वाक्य कोणाच्या तोंडी, कोणत्या पानावर आणि कोणत्या दिवशी आले, याला वजन येते. या वाचनातून अमेरिका फारशी कळत नाही. अमेरिकेशी सध्या कसे वागायचे बीजिंगने ठरवले आहे, आणि अमेरिकेकडे पाहून चिनी नागरिकाने कोणता बोध घ्यावा असे पक्षाला वाटते, हे मात्र नीट कळते.

चिनी भाषा येत नसेल तर ब्राउझरमधले यंत्रभाषांतर पुरेसे आहे. फक्त ते मूळ चिनी पानाचे करावे, तयार इंग्रजी आवृत्तीवर विसंबू नये. इंग्रजी आवृत्ती बाहेरच्यांसाठी असते आणि तिचा सूर घरच्या वाचकांसाठी काढलेल्या सुरापेक्षा वेगळा असू शकतो. भारतीय वाचकाने हे जून २०२० मध्ये जवळून पाहिले आहे. गलवानच्या चकमकीनंतर ‘ग्लोबल टाइम्स’ इंग्रजीत रोज भारताला इशारे देत होता आणि आपल्याकडे त्यावर तासन्‌तास चर्चा चालू होत्या. त्याच दिवसांत चीनमधल्या देशांतर्गत प्रमुख माध्यमांनी ही घटना अगदी दबक्या सुरात हाताळली, आणि आपले चार सैनिक मारले गेल्याचे चीनने थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले.

रोज पाहायला चार ठिकाणे पुरतात. ‘पीपल्स डेली’चा छापील अंक, पानांच्या मांडणीसह, शिन्हुआ वृत्तसंस्था, सरकारी दूरचित्रवाणीचे संध्याकाळी सातचे ‘शिनवेन लिआनबो’ हे बातमीपत्र, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेचा शब्दशः वृत्तान्त.

आवाजाची पायरी ओळखणे

खरा कस लागतो तो इथे. मला हा टप्पा सगळ्यांत उशिरा उमगला, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख तो एका वाक्यात उरकतात म्हणून मी त्यावर सविस्तर लिहीत आहे.

‘पीपल्स डेली’ हे पक्षाच्या केंद्रीय समितीचे मुखपत्र. त्यात छापलेला प्रत्येक मजकूर सारख्या मोलाचा नसतो. सर्वांत वर वृत्तपत्राचे संपादकीय, आणि ते क्वचितच येते. त्याखाली ‘आमच्या भाष्यकाराकडून’ अशा शीर्षकाखालचा लेख. त्याखाली ठरावीक टोपणनावांचे लेख: आंतरराष्ट्रीय विषयांवर ‘झोंग शेंग’ आणि ‘ग्वो जीपिंग’ ही नावे वारंवार दिसतात, आणि ती एका व्यक्तीची नसून संपादकीय गटाची असतात. त्याही खाली प्राध्यापकांचे आणि संशोधन संस्थांमधल्या तज्ज्ञांचे स्वतःच्या नावाने आलेले लेख. सरकारी बाजूलाही अशीच उतरंड आहे. सरकारचे निवेदन, परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन, प्रवक्त्याचे निवेदन आणि पत्रकाराच्या प्रश्नाला प्रवक्त्याने दिलेले उत्तर या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. बातमीत सगळ्यांचे ‘चीनने म्हटले’ होते, आणि इथेच ‘ध’चा ‘मा’ होतो.

‘ग्लोबल टाइम्स’ याच ‘पीपल्स डेली’च्या छत्राखाली १९९३ मध्ये सुरू झाला, त्याची इंग्रजी आवृत्ती २००९ पासून निघते. त्याचा खप भडक राष्ट्रवादावर उभा आहे, आणि मुखपत्राला जे बोलणे शोभणार नाही ते बोलण्याची मुभा त्याला असते. मुभा असणे आणि अधिकार असणे यांत मोठे अंतर आहे. जुलै २०२२ च्या अखेरीस, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्षा नॅन्सी पेलोसी तैवानला जाणार अशा बातम्या असताना, या वृत्तपत्राचे माजी संपादक हू शीचिन यांनी ट्विटरवर लिहिले की अमेरिकी लढाऊ विमाने सोबत आली तर पेलोसींचे विमान पाडण्याचाही चिनी लष्कराला अधिकार आहे. मजकूर नंतर काढून टाकला गेला, पण तोवर तो जगभर ‘चीनची धमकी’ म्हणून फिरला होता. हू तेव्हा संपादकपदावरही नव्हते. २ ऑगस्टच्या रात्री पेलोसी तैपेईला उतरल्या तेव्हा खरा संदेश आला: परराष्ट्र मंत्रालयाचे औपचारिक निवेदन, आणि त्याच रात्री संरक्षण मंत्रालय, पक्षाचे तैवानविषयक कार्यालय आणि राष्ट्रीय लोकसभेच्या (चिनी संसदेच्या) स्थायी समितीचा प्रवक्ता यांची स्वतंत्र निवेदने. विमान पाडण्याची भाषा त्यांत कुठेच नव्हती; ४ ऑगस्टपासून तैवानभोवती प्रचंड लष्करी सराव मात्र सुरू झाले. अनेक अधिकृत यंत्रणा एकाच दिवशी बोलतात तेव्हा पुढे काहीतरी घडणार असते. एकटा माजी संपादक बोलतो तेव्हा तसे मानायला कारण नसते.

पायरी न पाहता केवळ शब्द पकडणाऱ्यांची फसगत कशी होते, याचे याहून चांगले उदाहरण मे २०१९ मधले आहे. व्यापारयुद्ध भडकलेले होते, आणि २९ मे रोजी ‘पीपल्स डेली’त इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लागणाऱ्या दुर्मीळ मृदा खनिजांवरून अमेरिकेला इशारा देणारा लेख आला. त्याच्या शेवटी ‘आधी सांगितले नव्हते असे म्हणू नका’ हा वाक्प्रचार होता. जगभरच्या पत्रकारांनी लगेच इतिहास काढला: हेच शब्द २२ सप्टेंबर १९६२ रोजी भारताला उद्देशून आले होते आणि महिनाभरात, २० ऑक्टोबरला, युद्ध सुरू झाले; हेच शब्द २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामला उद्देशून आले आणि १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चिनी फौजा सीमेपार गेल्या. इतिहास बरोबर होता, अनुमान चुकीचे. १९६२ आणि १९७८ चे मजकूर ही वृत्तपत्राची संपादकीये होती. २०१९ चा मजकूर टोपणनावाने आलेला एक लेख होता आणि ते टोपणनावही फारसे परिचित नव्हते. महिन्याभराने, २९ जूनला, ओसाका येथे शी जिनपिंग आणि डोनाल्ड ट्रम्प यांची भेट झाली आणि बोलणी पुन्हा सुरू करण्यावर एकमत झाले. शब्द तेच असले तरी बोलणाऱ्याची पायरी बदलली की अर्थ बदलतो. माझे मत इतके पक्के आहे की पायरी लिहिलेली नसेल तर चिनी माध्यमांवरची बातमी मी पुढे वाचतच नाही.

पायरीसोबत आणखी एक खूण तपासावी: नाव घेतले आहे का, आणि कोणाचे? अमेरिकेवर टीका करताना चिनी मुखपत्रे सहसा ‘अमेरिकेतील काही लोक’ किंवा ‘काही राजकारणी’ असे मोघम लिहितात. हा मोघमपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण ज्याच्याशी उद्या बोलायचे आहे त्याला परतीची वाट मोकळी राहते. एप्रिल २०२० च्या शेवटी करोनाच्या उगमावरून वाद पेटला तेव्हा चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांना नाव घेऊन, एकामागोमाग एक दिवस, अत्यंत कठोर शब्दांत झोडपले. ते स्वतःला ‘मानवजातीचा समान शत्रू’ बनवत आहेत, इथवर भाषा गेली. ट्रम्प स्वतः चीनवर रोज टीका करत असूनही त्यांच्यावर तशी मोहीम त्या पातळीवरून चालवली गेली नाही. २० जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांचा शपथविधी होत असतानाच चीनने अमेरिकेतल्या २८ जणांवर निर्बंध जाहीर केले. पॉम्पेओ त्या यादीत होते, ट्रम्प नव्हते. ज्याने आधीच्या एप्रिलमध्ये नावे टिपून ठेवली होती, त्याला या यादीचे आश्चर्य वाटले नसणार.

तारीख आणि मौन

लेख हाती आला की आजूबाजूच्या दोन आठवड्यांत कोणती भेट, शिखर परिषद किंवा बोलणी आहेत ते पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शी आणि बायडेन सॅन फ्रान्सिस्कोजवळ भेटणार होते. त्याआधीच्या दिवसांत, ज्या पानांवर अमेरिकेच्या ‘वर्चस्ववादा’चा समाचार घेतला जात होता, त्याच पानांवर दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूने लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ वैमानिकांच्या आणि १९८५ मध्ये शी ज्या आयोवामधल्या गावी गेले होते तिथल्या जुन्या स्नेह्यांच्या कथा येऊ लागल्या. अमेरिका दोन आठवड्यांत बदललेली नव्हती. आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटावी, कारण भारताशी सूर जुळवायचा असतो तेव्हा चिनी माध्यमांना आणि नेत्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होते. कोटणीसांचे कार्य थोरच आहे. प्रश्न एवढाच विचारायचा की ते आजच का छापले गेले.

मौनाचीही तारीख टिपावी. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी माध्यमांनी ७ तारखेला बायडेन यांचा विजय जाहीर केला. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने अभिनंदन केले ते १३ तारखेला, आणि शी यांचा संदेश गेला २५ तारखेला. मधल्या काळात प्रवक्त्याचे उत्तर होते की निकाल अमेरिकेच्या कायद्यानुसार ठरेल. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले तेव्हा शी यांचे अभिनंदन दुसऱ्या दिवशीच पोहोचले. पहिल्या वेळी निकालाला आव्हान दिले जात होते आणि बीजिंगला त्या भांडणात ओढले जायचे नव्हते, दुसऱ्या वेळी तसा धोका नव्हता. चीनला कोण आवडते, याचा पुरावा म्हणून या तारखा वापरू नयेत.

विषय ओळखणे

हे काम सोपे आहे. बंदुकांचा हिंसाचार, वर्णभेद, निवडणुकीतला पैसा आणि दोन पक्षांतली दरी हे चार विषय आलटून पालटून येतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा मानवाधिकार अहवाल निघाला की चीनच्या राज्य परिषदेचे (म्हणजे मंत्रिमंडळाचे) माहिती कार्यालय अमेरिकेतल्या मानवाधिकारांवर स्वतःचा अहवाल काढते. डिसेंबर २०२१ मध्ये बायडेन यांची लोकशाही शिखर परिषद ९ तारखेला सुरू होणार होती. ४ तारखेला चीनने स्वतःच्या लोकशाहीवर श्वेतपत्रिका काढली आणि ५ तारखेला अमेरिकेच्या लोकशाहीवर अहवाल. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, तेव्हा १ जुलै २०१९ ला हाँगकाँगच्या विधिमंडळात घुसलेल्या आंदोलकांची छायाचित्रे शेजारी लावून दाखवली गेली. लेकी बोले सुने लागे, असा हा प्रकार आहे: बोट अमेरिकेकडे, सांगणे घरच्यांना, की मतपेटीतून गोंधळ जन्मतो आणि आपली व्यवस्था बरी. यातल्या कित्येक घटना आणि आकडे खरे असतात, बहुधा अमेरिकी माध्यमांतूनच उचललेले, हेही मान्य करावे. परकीय बातम्यांची निवडक भाषांतरे छापणारे शिन्हुआचे ‘त्सानकाओ श्याओशी’ हे दैनिक तर याच कामासाठी आहे. तिथे खोटेपणा शोधत बसण्यापेक्षा काय निवडले आणि काय गाळले ते पाहावे. अमेरिकी निवडणुकीतले ध्रुवीकरण चिनी वाचकाला भरपूर वाचायला मिळते. सत्ताधारी पक्ष हरला आणि पायउतार झाला, या भागावर कोणी रेंगाळत नाही.

शेजाऱ्यांशी ताडून पाहणे

चिनी मजकूर एकट्याने वाचू नये. सिंगापूरचे ‘लिआनहे झाओबाओ’ चिनी भाषेतच निघते, पण बीजिंगच्या आज्ञेत नाही. एकच घटना दोन्हीकडे वाचली की पक्षाने घातलेली भर वेगळी दिसते. जपानी वृत्तपत्रे अमेरिकी निवडणुकीकडे सुरक्षा करार, अमेरिकी लष्करी तळांचा खर्च आणि मोटारींवरचे शुल्क यांतून पाहतात. दक्षिण कोरियात परंपरावादी ‘चोसुन इल्बो’ आणि उदारमतवादी ‘हानग्योरे’ शेजारी ठेवावेत, कारण उत्तर कोरियाशी अमेरिकेने बोलावे की नाही यावर त्यांचे क्वचितच जुळते. तैवानमध्ये हिरव्या गटाकडे (चीनपासून वेगळी ओळख जपू पाहणाऱ्या) झुकलेले ‘लिबर्टी टाइम्स’ आणि निळ्या गटाकडे (चीनशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या) झुकलेले ‘युनायटेड डेली न्यूज’ अशीच जोडी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा ‘ग्लोबल टाइम्स’ने तैवानला सांगितले की अमेरिका तुम्हालाही असेच सोडून जाईल. अमेरिकेवर किती भरवसा ठेवावा हा वाद तैवानच्या आत आधीपासून होता, आणि बीजिंगने नेमकी तीच भेग रुंदावायचा प्रयत्न केला, हे तैवानी वृत्तपत्रे वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

वाचताना वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, कोणाचा आवाज, कोणत्या भाषेत, नाव कोणाचे घेतले, आणि त्या आठवड्यात कोणती भेट ठरली होती. मजकुराचा सारांश लिहू नये, त्याने पान भरते आणि उपयोग काही होत नाही. एकच मुद्दा ‘पीपल्स डेली’च्या भाष्यकाराने आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनाने चिनी भाषेत, त्याच आठवड्यात मांडला असेल, तर आणि तेव्हाच त्या नोंदीपुढे ‘चीन म्हणतो’ असे लिहावे.